माझ्या नावाने काही आलं तर

अल्माती, ३ ऑक्टोबर

सोनुन,

कागदावरचं पत्र बघून तू आधी छाती धरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: बाळ बरं आहे, बाळंतीण बरी आहे, मीही बरी आहे. आता बस आणि पुढचं वाच.

मुलगी आहे. बारा दिवसांची झाली आज. नाक आमच्या तिलेकचं, आवाज सूनबाईंच्या माहेरचा. मोल्दिर पोरगी गुणाची आहे, पण बिचारीचे डोळे बसल्याजागी मिटतात. तिलेक तेलविहिरींवर पाळीला गेलाय, दहा तारखेला येईल. तोवर घरात आम्ही तिघी. मी सूप करते, लंगोट धुते, आणि चाळिसाव्या दिवसापर्यंत मुक्काम हलवणार नाही, हे तुला आत्ताच सांगून ठेवते.

पत्र का लिहितेय, तर माझा फोन मुका झालाय. कोर्दायला कझाकस्तानची सीमा ओलांडली आणि इंटरनेट दिवा विझावा तसं गेलं. इथल्या बसस्थानकावर उतरले, मांस भरलेले समसे विकणाऱ्या बाईशेजारी बाकावर बसले, फोन उघडला, तर 'फुकट इंटरनेट' असं नाव आपणहून समोर आलं. पासवर्ड वगैरे काही नाही. माझा नंबर विचारला, दिला. मग एक सहा आकडी कोड आला, तो घालायला सांगितला, घातला. समसेवाली मला थोरली बहीण करत म्हणाली, "एजे, तुम्हाला येतं हो सगळं! मी तर शेजारच्या पोरीला धरून आणते." मी जरा फुशारलेसुद्धा. ग्रुपवर 'सुखरूप पोचले' असं लिहिलं आणि टॅक्सीत बसले.

संध्याकाळी पाहते तर ग्रुप नाही, तू नाहीस, कुणीच नाही. पुन्हा नंबर विचारतोय, आणि दिला तर आत घेत नाही. आपला नंबर परदेशात चालत नसणार. सुनेच्या फोनवरून कळवता आलं असतं, पण मग तिला सांगावं लागेल की सासूबाई फोनपुढे हरल्या. ते नको. ओरोझची गाडी उद्या गावाकडे निघतेय, त्याच्या हाती हे देते. कुणी विचारलं तर सांग, कुलुइपाबाईंचा फोन सीमेपलीकडे मुका झालाय.

तुझी,
कुलुइपा


तेरेक-सू, ८ ऑक्टोबर

कुलुइपा,

मुका? अगं बाई, तुझा फोन दिवसभर बडबडतोय!

आधी नातीबद्दल: शंभर वर्षं जगू दे, आजीपेक्षा कमी हट्टी निघू दे. मी पोस्टाच्या खिडकीतून सगळ्यांना ओरडून सांगितलं आणि आलेल्या प्रत्येकाला ताजे तळलेले बोरसोक दिले. आता भांडणाचं.

दोन तारखेला संध्याकाळी तुझा मेसेज आला. मला, मुख्याध्यापकांना, दूधवालीला, तुझ्या हाताखालून गेलेल्या झाडून साऱ्या पोरांना. "नमस्कार माझ्या नातीने चित्रकलेच्या स्पर्धेत भाग घेतलाय खाली दाबून मत द्या प्लीज." मी डोळे चोळले. बारा दिवसांची पोर आणि चित्रं काढते? मग वाटलं, असेल बहिणीकडची कुणी नात, मला कुठे तुझं सगळं गणगोत पाठ आहे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी मनात म्हटलं, आजी झाली आणि बाईच्या डोक्यात हवा गेली. अडतीस वर्षं शाळेत शिकवून कुणाकडे मीठ न मागणारी कुलुइपा आता मतं मागत फिरतेय. राग आला हो मला. म्हणून मी उत्तरच दिलं नाही.

ज्यांनी खालचं दाबलं, त्यांना नंबर विचारला, मग कोड विचारला, आणि मग त्यांचेही फोन मुके झाले. नऊजण गेले गावातले. मुख्याध्यापकसुद्धा! आता त्यांच्याही नाती चित्रं काढायला लागल्यात. मी नाही दाबलं, मला वेळ कुठे होता, पेन्शनचा आठवडा होता.

ओळख बघू, हे खोटं आहे हे पहिल्यांदा कुणी सांगितलं? जायिलबेकने. टायरवाल्याने. तू सातवीत दोनदा बसवलंस तोच. पोस्टात येऊन म्हणाला, "एजेंनी हे लिहिलेलं नाही." मी म्हटलं, "तुला रे काय कळतं?" तर म्हणतो, "मला त्यांनी एका स्वल्पविरामासाठी अख्खा तास उभं केलं होतं. ह्यात एकही स्वल्पविराम नाही. आणि एजेंनी कधी कुणाला नाव घेतल्याशिवाय हाक मारलीये का?"

मी अजून रागावलेली होते, म्हणून त्याला हाकलून दिलं. आज तुझं पत्र आलं. त्यात तू तो कोड घातल्याचं वाचलं आणि सगळं लक्षात आलं. बसस्थानकावर कुणी तुझ्या फोनची किल्ली तुझ्याच हातून काढून घेतली ग!

तिलेक आला की लगेच सांग त्याला. लाजू नकोस. ओरोझ उद्या परत निघतोय, म्हणून घाईत लिहिलंय.

सोनुनबुबू


अल्माती, ११ ऑक्टोबर

सोनुन,

तुझं पत्र वाचलं आणि बाळाला मोल्दिरकडे देऊन मी न्हाणीघरात जाऊन बसले. रडले नाही. नळ सोडून नुसती बसले. अडतीस वर्षांत माझ्या नावाने गावात कुणी खोटं बोललं नव्हतं.

काल तिलेक आला. दारात बूट काढत होता तेव्हाच सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता. मला वाटलं हसेल. हसला नाही. त्याने एवढंच विचारलं, "आई, तो कोड तुम्ही कुठे घातला?" मी सांगितलं. तो म्हणाला, "ते इंटरनेट नव्हतंच. कुणीतरी बाकाखाली नाहीतर बॅगेत छोटं यंत्र ठेवून बसलं असेल. आमच्या कामावर दोघांचं असंच गेलंय. कोड म्हणजे घराची किल्ली. तो कुठल्याही पानावर घालायचा नाही, कुणी मागितला तर द्यायचा नाही, मी मागितला तरी नाही."

मग आज सकाळी त्याने माझ्या गावाकडच्याच सिमवर नवा कोड मागवला. तो आला, घातला, आणि त्या क्षणी तो माणूस माझ्या नावातून बाहेर फेकला गेला. आता तो माझ्या नावाने एक अक्षर लिहू शकत नाही. हे मी तुला ठळक अक्षरात लिहिते आहे असं समज. पण आत मलाही जाता येत नाही. जाण्याआधी त्याने माझ्या दाराला स्वतःचं दुसरं कुलूप लावून ठेवलंय, एक पासवर्ड, जो मला कधी माहीतच नव्हता. सात दिवस थांबा, मग ते कुलूप आपोआप पडेल, असं फोन म्हणतो. अठरा तारखेपर्यंत थांबायचं. हे दुसरं कुलूप मीच आधी लावलं असतं, तर त्याला नुसत्या कोडाने आत येता आलं नसतं. उघडलं की पहिलं काम ते. पासवर्ड तुलाही सांगणार नाही, जळ.

तिलेकने मला इथलं सिम घेऊन दिलं, त्यावर स्वतःचं इंटरनेट आहे. रस्त्यातलं फुकटचं कुठलंही नाव दिसलं की फोन आपणहून तिकडे धावायचा, तेही त्याने बंद केलं. मी म्हटलं, "आणि बाहेर असताना पेन्शन आली का ते बघायचं असेल तर?" म्हणाला, "स्वतःच्या सिमवर बघा, नाहीतर घरी येऊन. चहाच्या दुकानातल्या वायफायवर बँकेचा पासवर्ड घालू नका, एवढंच."

तुला नव्या नंबरावरून लिहिणार होते. मग विचार केला, अनोळखी कझाक नंबरावरून 'मी कुलुइपा' असा मेसेज आला, तर सोनुनने विश्वास ठेवावा का? ठेवू नये. म्हणून कागद.

जे नऊजण गेले त्यांच्या नावाने अजून लोक फसतील. म्हणून सोबत वेगळ्या कागदावर एक सूचना लिहिली आहे. ती पोस्टाच्या दाराला लाव, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखव. तिलेक म्हणाला, "माझं खातं चोरीला गेलं, असं लिहा." मी तसंच लिहिलं होतं. मग खोडलं. तू बघशीलच काय लिहिलंय.

जायिलबेकला सांग, मी त्याची आभारी आहे. सातवीबद्दल नंतर बोलू.

कुलुइपा

(पोस्टाच्या दारासाठी)

तेरेक-सूच्या सर्व लोकांना,

मी, शाळेतली कुलुइपा, अल्मातीच्या बसस्थानकावर फसले. नंबर मीच दिला, कोडही मीच दिला. तिथून पुढे माझ्या नावाने जे आलं, ते माझं नव्हतं. ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून ते दाबलं, त्यांची मी क्षमा मागते. लाजून गप्प बसू नका. आपल्या सिमवर नवा कोड मागवा आणि परत आत जा. जमलं नाही तर जायिलबेककडे जा. ओळखीच्या माणसाने मेसेजमधून कोड, कागदपत्रं किंवा मत मागितलं, तर त्याला आधी फोन करून त्याचा आवाज ऐका. हे पत्र माझ्या हातचं आहे. सोनुनबुबू माझं अक्षर ओळखते.


तेरेक-सू, २० ऑक्टोबर

कुलुइपा,

तुझी सूचना दाराला लावून आठ दिवस झाले. मी ह्या पत्राची सुरुवात तीनदा फाडली.

मी तुला खोटं लिहिलं. मीही दाबलं होतं.

दोन तारखेलाच. खिडकीत कुणी नव्हतं. तुझं नाव दिसलं आणि मी काही विचारच केला नाही, मैत्रिणीच्या नातीला एक मत द्यायला काय जातं? नंबर घातला. कोड आला. चष्मा कपाळावर होता, म्हणून मी फोन लांब धरून मोठ्याने वाचत वाचत एकेक आकडा घालत होते: चार... सात... सात... आणि तेवढ्यात जायिलबेक त्याचं पार्सल न्यायला आत आला. त्याने ऐकलं, आणि तो काळा तेलकट पंजा थेट माझ्या फोनवर ठेवला. "एजे, थांबा! बोट उचला." मी त्याच्यावर अशी ओरडले म्हणून सांगू! फोन पुसून काढायला मला अर्धा तास लागला. तुला लिहिलं ना, हाकलून दिलं, ते असं हाकललं.

तीन आकडे राहिले होते, कुलुइपा. फक्त तीन.

आणि माझ्या त्या फोनमध्ये काय आहे, ठाऊक आहे? गावातल्या त्रेसष्ट म्हाताऱ्यांच्या पासपोर्टचे फोटो. पेन्शनचा अर्ज भरायला ते माझ्याकडे येतात, मी फोटो काढते, जिल्ह्याला पाठवते. आणि सगळे पाठवलेले तिथेच, मेसेजमध्ये, वर्षानुवर्षं. आंधळ्या तोक्तोचा, बिबीकानचा, सगळ्यांचे. तो माणूस आत आला असता, तर त्यांच्या नावावर कुणी कुठे काय केलं असतं देव जाणे. चौदा महिन्यांनी मी निवृत्त होणार. लोक पोस्टात येऊन मला विचारतात, "सोनुन, आमचं काम होईल ना?" आणि मी म्हणते, "माझ्यावर सोडा."

ते फोटो मी पुसलेत, एकेक करून. जिल्ह्यातल्या साहेबाला सांगितलं, यापुढे कागद बंद पाकिटात येतील, उशीर झाला तरी. तो कुरकुरला. कुरकुरू दे.

मला हे तुला कधीच सांगायचं नव्हतं. पण दाराला तुझी सूचना लावताना हातात खिळे होते आणि मी वाचत होते, "नंबर मीच दिला, कोडही मीच दिला." मला वाटलं, ही अख्ख्या गावासमोर सांगते आणि मी एका मैत्रिणीला सांगू शकत नाही.

अजून ऐक, खरं तर ह्याच्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसले. परवा जायिलबेक आला. मी म्हटलं, "बस, चहा घे. आता खरं सांग, स्वल्पविरामावरून ओळखलंस?" तो कान खाजवत हसला. म्हणाला, "एजे, मला अजून कळत नाही तो कुठे घालायचा."

"मग?"

"माझंही गेलं होतं. चार वर्षांपूर्वी. येकातेरिनबुर्गला कामाला होतो तेव्हा. वसतिगृहात फुकटचं इंटरनेट होतं. असाच नंबर, असाच कोड. आणि मग माझ्या नावाने माझ्या भावाला मेसेज गेला, मी तुरुंगात आहे, वाचव."

त्याचा भाऊ म्हणजे वरच्या आळीतला सेइतेक. आपल्याला वाटायचं, ते दोघे बापाच्या घोड्यांवरून बोलत नाहीत. तसं नव्हतं. सेइतेकने घरातली दुभती घोडी विकली आणि जे आलं ते पाठवलं. महिन्याभराने जायिलबेक ठणठणीत परत आला, तेव्हा सेइतेक म्हणाला, "तू मला लुटलंस." आणि ह्या बाबाने, कुलुइपा, मान खाली घालून ऐकून घेतलं. मी म्हटलं, "अरे, मग सांगितलं का नाहीस, मी नव्हतो म्हणून?" तर म्हणतो, "एजे, गावात सगळे मला आधीच मठ्ठ म्हणायचे. लबाड म्हटलेलं परवडलं, पुन्हा मठ्ठ नको."

चार वर्षं! चार घरं सोडून राहतात दोघं.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता काय. मुख्याध्यापकांचा फोन मीच परत चालू करून दिला. आणि कुलुइपा एजे फसतात म्हटल्यावर मी कोण लागून गेलो? काल गेलो सेइतेककडे. तुमच्या दारावरचा कागद सोबत नेला होता वाचून दाखवायला."

म्हणजे मधे एक दिवस दारावर कागद नव्हता तो ह्याच्यामुळे! मी वाऱ्याला शिव्या घालत होते.

सेइतेकने ऐकून घेतलं, म्हणे. उठला, बाहेर गेला. जायिलबेकला वाटलं, चाबूक आणायला गेला. तो घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं, कुमिसचं भांडं घेऊन आत आला आणि म्हणाला, "त्या हरामखोराने लिहिलं होतं, 'प्रिय दादा.' तू मला जन्मात कधी प्रिय म्हणाला नाहीस. मलाच कळायला हवं होतं."

दोघे दुपारभर बसले होते. बायका बाहेरून कान लावून.

आणि आता सोबतच्या पार्सलबद्दल. नातीचा चाळिसावा दिवस जवळ आला, चाळीस घरांच्या चिंध्यांचा सदरा नको का? जायिलबेक सगळ्या गावात फिरतच होता, दारोदार लोकांना त्या मेसेजचं सांगत. मी म्हटलं, जातोच आहेस तर प्रत्येक दारातून एक चिंधी आण. चाळीस मागितल्या, सत्तावन्न आल्या. सदरा मी शिवलाय, शिवणी उलट्या ठेवल्यात, टोचणार नाहीत. निळी जाड चिंधी जायिलबेकच्या कामाच्या कपड्याची आहे, दोनदा उकळून घेतली. तिला चिकटून तपकिरी आहे ती सेइतेकची. बिबीकानने लग्नातल्या रुमालाचा कोपरा कापून दिला.

माझ्यावर रागव, पण उत्तर दे.

सोनुन


अल्माती, १ नोव्हेंबर

सोनुन,

रागवू कशी? मी सहाच्या सहा आकडे घातले, तू तीनवर थांबलीस. हिशेबाने तू माझ्या दुप्पट शहाणी. हे मी पहिल्यांदाच लेखी देते आहे, आणि शेवटचं.

तुझं ते त्रेसष्ट पासपोर्टांचं वाचताना एकेक म्हातारा माझ्या डोळ्यांसमोर येत होता. मग पुढे 'पुसलेत' हा शब्द आला आणि मी मोठ्याने 'शाबास' म्हणाले. बाळ दचकून जागं झालं. मोल्दिरने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही झालं नाही. काहीच झालं नाही, तेच तर!" आणि मग ते न्हाणीघरात राहून गेलेलं रडणं आलं. सुनेने मला पाणी दिलं आणि पाठीवरून हात फिरवत बसली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणते, तिच्या आईचंही गेल्या वर्षी असंच गेलं होतं, आणि आईने आजवर कबूल केलेलं नाही.

अठरा तारखेला कुलूप पडलं. आत गेले, आधी माझं दुसरं कुलूप लावलं, मग आणखी कुठल्या यंत्रावर माझं नाव उघडं आहे का ते तिलेकने दाखवलं तसं बघितलं. कुठेही नाही. फक्त हा एक फोन आणि मी. मग अडकून राहिलेले मेसेज यायला लागले आणि थांबेनात. व्लादिवोस्तोकला खेकड्यांच्या जहाजावर असलेला ऐबेक, सेऊलला शिवणकाम करणारी ती डावखुरी आयझिरेक, सगळ्यांना गावाकडून कळलं होतं. आयझिरेकने लिहिलंय, "एजे, माझंही गेलं होतं, मी कुणाला सांगितलं नाही." अशी सात जणं निघाली, सोनुन. सात. तीन दिवस उत्तरं देत होते. प्रत्येकाला नाव घेऊन.

जायिलबेकचं वाचून मी तिलेकला म्हटलं, मी त्या मुलाला सातवीत दोनदा बसवलं. तिलेक म्हणाला, "मग दोन वर्षं जास्त शिकला तुमच्याकडे." मला हसावं की नाही कळेना. त्याला मी वेगळं पत्र लिहिलंय, सोबत आहे. फोडू नकोस, मला तुझी सवय माहीत आहे.

काल चाळिसावा दिवस झाला. बाळाच्या अंगावर चाळीस चमचे पाणी घातलं, मोल्दिरच्या आईने आणि मी आळीपाळीने मोजले, आणि एकविसाव्यावर आमचं भांडण झालं, बावीस की एकवीस. मग सदरा घातला. मोल्दिरच्या नातलगांनी एकेक तुकडा बोटाने दाखवत विचारलं, हा कुणाचा, हा कुणाचा, आणि मी सांगत गेले. बिबीकानच्या रुमालाच्या कोपऱ्यावर नातीने दूध ओकलं. जाड निळा तुकडा बरोबर पोटावर आलाय. तिने तो मुठीत धरला आणि दुपारभर झोपली. मीही झोपले. महिन्याभरात पहिल्यांदा दिवसाढवळ्या, फोन उशाशी न घेता.

मी पाच तारखेला निघते. सीमेपर्यंत इथलं सिम चालेल, पलीकडे आपलं लागायला वेळ लागतो, आणि मध्ये कुठल्याही बाकावर बसून मी फोन उघडणार नाही. तेव्हा संध्याकाळपर्यंत काही कळलं नाही तर दारात येरझाऱ्या घालू नकोस. समज की मी गाडीत खिडकीशी आहे, मजेत आहे, आणि घराकडे येते आहे.

तुझी,
कुलुइपा